चिलखती ब्रिगेडच्या तीन फेऱ्या

आमच्या चिलखती ब्रिगेडचा युद्धातला पराक्रम दरवर्षी परेडच्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवतात. वाचणाऱ्याचा गळा भरून येतो आणि ऐकणाऱ्यांचे पाय. त्या पराक्रमात गोबीचं वाळवंट ओलांडणं येतं, शत्रूची विहीर एकही गोळी न झाडता काबीज करणं येतं, 'धूळभ्रमण डावपेच' नावाचं एक भारदस्त प्रकरण येतं. तो डावपेच कोणाच्या डोक्यातून निघाला, एवढं मात्र येत नाही. कारण तो डोक्यातून निघालाच नव्हता. तो योन्दोनच्या हातांतून निघाला, आणि त्या वेळी योन्दोनचं डोकं मिठाच्या चहाचा विचार करत होतं.

योन्दोन उंटवाल्याचा मुलगा. पाय असे बाकदार की मधून कोकरू आरामात निघून जाईल. चालायची त्याला सवय नव्हती आणि हौस त्याहून नव्हती. आमच्याकडे माणूस चालताना दिसला की लोक विचारतात, घोडा कधी मेला? वडिलांबरोबर तो उंटांचे तांडे घेऊन गोबीत हिंडला. लोकर घेऊन जायचं, चहाच्या विटा घेऊन यायचं. वाटेत जे शिकायचं ते शिकला: पाणी कुठं लागतं, वाळू कुठं गिळते, आणि खिंडीत ओवो दिसला की काय करायचं.

ओवो म्हणजे दगडांचा ढीग. वर खोचलेल्या काटक्या, काटक्यांना निळ्या रेशमी पट्ट्या. त्या डोंगराच्या धन्याचं, तिथल्या देवाचं, ते ठाणं. येणाऱ्याजाणाऱ्यानं ओवो उजव्या हाताला ठेवून तीन फेऱ्या घालायच्या, एक दगड टाकायचा, असला तर चहा शिंपडायचा आणि मग पुढची वाट धरायची. पुढं सरकारनं ठरवलं की डोंगराला धनी नसतो. तेव्हापासून लोकांनी फेऱ्या घालणं बंद केलं. म्हणजे आसपास सरकारी माणूस असेल तर.

योन्दोनचा मामा लामा होता. सदतीस साली मठात एक ट्रक आला आणि मामाला आणि बाकीच्यांना बसवून घेऊन गेला. ट्रक रिकामा परत आला. नंतर योन्दोन फौजेत भरती झाला तेव्हा टेबलामागच्या माणसानं विचारलं, "तुला कोणी लामा मामा आहे?" योन्दोन म्हणाला, "नाही." यात खोटं काही नव्हतं. तेव्हा नव्हताच.

फौजेत चिलखती गाड्या नव्यानं आल्या होत्या. रशियन शिकवणाऱ्यानं रांगेला विचारलं, "यंत्राची माहिती कोणाला आहे?" सगळे गप्प. एकानं शिवणयंत्र लांबून पाहिलं होतं, त्याला तोफेवर घेतलं. योन्दोन म्हणाला, "रुसून बसलेला उंट मला उठवता येतो." हे दुभाष्याकडून ऐकून शिकवणाऱ्यानं थोडा विचार केला आणि त्याला चालक केलं. माणूस जाणता होता. त्या गाड्या अगदी तशाच निघाल्या: सकाळी रुसायच्या, दुपारी तोंडातून वाफ सोडायच्या, आणि चढ आला की मागं बघायच्या.

घोड्याला आमच्याकडे नाव ठेवत नाहीत, रंगानं ओळखतात. योन्दोन त्याच रिवाजानं आपल्या गाडीला 'हिरवी' म्हणायचा. ब्रिगेडमधल्या सगळ्या गाड्या हिरव्या होत्या. तळावर "माझी हिरवी कुठं गेली?" असं विचारत तो हिंडायला लागला की मेकॅनिक लोक हातातले पाने टाकून हसायचे. पण जपान्यांशी झालेल्या एकोणचाळीसच्या लढाईत, नदीकाठच्या धुरळ्यात, जळत्या गाड्यांच्या मधून याच माणसानं आपली हिरवी शाबूत परत आणली. आल्यावर तिच्या नाकावर थाप मारली आणि चारा मागवणार होता म्हणतात.

मग पंचेचाळीसचा ऑगस्ट आला आणि ब्रिगेडला हुकूम सुटला: गोबी ओलांडायची, पलीकडं जपान्यांना गाठायचं. निघण्याआधी राजकीय अधिकारी नाइदानसाहेबांनी भाषण केलं. नाइदानसाहेब अंगानं काटकुळे, पण आवाज सहा माणसांचा. ट्रकवर उभे राहून ते गरजले, "कॉम्रेडहो! वाळवंट म्हणजे काय? वाळवंट म्हणजे एक मागासलेला भूप्रदेश! त्याला आपण प्रगत चाकांखाली चिरडणार आहोत! तहान म्हणजे काय? तहान म्हणजे कच्च्या मनाची अवस्था!" एवढं बोलून ते बाटलीतलं पाणी प्यायले.

त्यांच्यानंतर कर्नल दाम्बा उभे राहिले. जुने घोडदळवाले. चिलखती गाडीत बसताना अजून डावा पाय रिकिबीत टाकल्यासारखा हवेत उचलायचे. त्यांचं भाषण घोड्याशी बोलल्यासारखं आखूड. "वाळू मऊ आहे. पहिली गाडी योन्दोनची, त्याला वाट माहीत आहे. बाकीच्यांनी पुढच्याच्या चाकोरीतून जायचं. एक वीत इकडंतिकडं चाक गेलं तर रुतणाऱ्यालाच जुंपीन. चला."

तिसरे मेजर लापशिन. सोव्हिएत सल्लागार. त्यांनी भाषण केलं नाही. ते कर्नलांच्या गाडीत मागच्या बाजूला बसले आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपले. सल्ला लागला तर उठवा, असा त्यांचा सल्ला होता.

वाळवंटातलं ते चालणं काय सांगावं! बाहेर ऊन, आत इंजिन, आणि मधे चिलखत. मांस शिजवायला आम्ही तापलेले दगड घालून झाकण लावतो, त्यातला प्रकार. योन्दोनच्या डोळ्यांत घाम, तोंडात खडखडीत वाळवलेल्या दह्याचा खडा. वरच्या बुरुजात तोफवाला शाग्दार. त्याचं निम्मं अंग बाहेर, तोंड मागं, आणि जीभ अखंड चालू. मागं नुसती धूळ. पुढच्या गाडीची शेपूट सोडली तर कोणालाच काही दिसत नव्हतं, आणि ज्याला शेपूट दिसत होती तो स्वतःला भाग्यवान समजत होता.

दुपार कलायला लागली तेव्हा खिंड आली. योन्दोन चहाचा विचार करत होता. आईच्या हातचा, वर लोणी तरंगणारा. हात हातांचं काम करत होते.

"योन्दोन दादा," वरून शाग्दारचा आवाज आला, "रस्ता चुकलास, का कोणाची आठवण झाली?"

"काय झालं?"

"उजवीकडं बघ."

योन्दोननं फटीतून बघितलं. निळ्या पट्ट्या. काटक्या. दगड. आणि चाक अजून उजवीकडंच वळत होतं. त्या भट्टीत बसलेल्या माणसाच्या पाठीवर बर्फाचं पाणी ओतल्यासारखं झालं.

"अरे देवा! किती झाल्या?"

"एक झाली. दुसरी निम्मी. थांबव की लेका!"

"आता कसा थांबवू? दीड फेरीवर सोडून जातात का कुणी? पुढं पाण्याचा ठिकाणा नाही, माणसं किती, गाड्या किती! आणि डोंगराच्या धन्याला सांगू काय, उरलेली दीड उधारीवर ठेव म्हणून?"

"मागं कर्नल आहेत, दादा."

"ते सरळ गेले ना?"

"सरळ कसले? वळलेत. त्यांच्यामागं नाइदानसाहेबांचा ट्रक वळलाय. त्यांच्यामागं सगळी वरात."

योन्दोननं दात आवळले आणि दुसरी पूर्ण केली. तिसरी घातली. घालताना मनातल्या मनात धन्याला म्हणाला, दगड राहिला, तेवढं समजून घे. पण तिसऱ्या फेरीच्या शेवटाला नवीनच आक्रीत उभं राहिलं. तोवर ब्रिगेडची शेपटीही खिंडीत येऊन पोचली होती, आणि हुकूम पाळण्यात आमची ब्रिगेड कोणाला हार जाणारी नव्हे. शेवटी असलेला स्वयंपाकाचा ट्रक फेरीत शिरला तो नेमका हिरवीच्या नाकासमोर. आता पुढं कोण आणि मागं कोण, कोणाला कळेना. सबंध ब्रिगेड स्वतःची शेपटी धरून ओवोभोवती फिरायला लागली. भांडी खणखणतायत, धूळ आभाळाला लागलीये. योन्दोननं भोंगा वाजवला, कढयांच्या मधून वाट काढली आणि सुटला. मग एकेक गाडी त्याच्यामागं सुटत गेली, जसा सुताचा गुंडा उलगडावा.

खिंडीच्या पलीकडं कर्नलांनी थांबायचा बावटा दाखवला. त्यांच्या गाडीतून सगळ्यांत आधी मेजर लापशिन उतरले, ते भिंतीला धरून चालावं तसे गाडीला धरून. त्यांना आमची भाषा येत होती, फक्त ती सुटी सुटी येत होती.

"मी झोपतो," ते म्हणाले. "डोळा उघडतो. सूर्य इथं. डोळा उघडतो. सूर्य तिथं. परत इथं. किती दिवस गेला? पेट्रोल कुठं गेला? कोण हुकूम दिला?"

हा शेवटचा प्रश्न ऐकला आणि सगळी ब्रिगेड आपापल्या बुटांकडं बघायला लागली.

दोन ट्रकांच्या मधे ताडपत्री बांधली आणि तिच्या सावलीत चौकशी बसली. नाइदानसाहेबांचा चेहरा पिठासारखा झाला होता, पण आवाज सहा माणसांचाच होता. "चालक योन्दोन! क्रांतिकारी सैन्याची चिलखती तुकडी एका दगडांच्या ढिगाऱ्याभोवती त्रिवार फिरवण्यामागं तुझा हेतू काय?"

"मी पुढं बघत होतो, साहेब."

"पुढं बघत गोल फिरलास?"

"गोल फिरताना पुढंच बघावं लागतं. मागं बघितलं तर घेरी येते."

मागं शाग्दारला खोकल्याची उबळ आली. नाइदानसाहेब टेबल म्हणून मांडलेल्या दारूगोळ्याच्या पेटीवर झुकले. "तो ढीग कसला आहे, ठाऊक आहे तुला?"

योन्दोननं मनात हिशेब केला. ओवो आहे म्हणावं तर लामाचा भाचा म्हणून उद्याच रवानगी. दगड आहेत नुसते म्हणावं तर समोर डोंगर उभा, ऐकतोय. आणि पुढं सगळं वाळवंट पडलेलं. तो गप्प राहिला.

"मौन!" नाइदानसाहेब लापशिनकडं वळून म्हणाले. "मौन ही कबुलीच होय. जाणूनबुजून केलेलं धार्मिक कृत्य."

कर्नल दाम्बा इतका वेळ काडीनं दात कोरत होते. "मग मी का वळलो रे, नाइदान?"

"आपण... आपण पुढच्याच्या मागं गेलात, कॉम्रेड कर्नल."

"हुकूमच होता तसा. माझाच. आणि तू?"

"मी चाकोरी सोडली नाही."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. शिस्त म्हणून."

"हां," कर्नल म्हणाले आणि परत दात कोरायला लागले. शाग्दारनं बुरुजातून सगळं बघितलं होतं. नाइदानसाहेबांच्या ट्रकची काच खाली होती, ओवोच्या बाजूची, आणि साहेबांचे ओठ हलत होते. पण शाग्दारला बायको होती, दोन लेकरं होती, आणि आजपर्यंत त्याला कोणी विचारलेलंही नाही.

शेवटी कोणीतरी एक दोषी हवा होता, आणि योन्दोन त्या मापाचा होता. ठरलं, की त्याला मागं पाठवायचं. शहरात. ट्रकनं. 'ट्रकनं' हा शब्द ऐकल्यावर योन्दोन होता तिथंच खाली बसला. पलीकडं एक माणूस ट्रकच्या टाकीत पेट्रोल ओतत होता, त्या कॅनचा गळगळ आवाज तेवढा त्याला ऐकू येत होता. आई एकटी गेरमध्ये, लोकरीच्या तंबूत. एकदा एका चौकशीत भाऊ नाही म्हणाली होती. आता मुलगा नाही म्हणावं लागणार होतं.

तेवढ्यात पुढं टेहळणीला गेलेले घोडेस्वार परत आले. बरोबर एक कैदी. सीमेपलीकडच्या मांडलिक राजाच्या घोडदळातला, म्हणजे आमचाच भाईबंद, फक्त जपान्यांच्या टोपीखाली. चाळिशीचा, गुबगुबीत, पायी आलेला आणि त्याची शरम वाटत असलेला. कर्नलांना बघून त्यानं रिवाजानं विचारलं, "यंदा जनावरं धष्टपुष्ट आहेत ना?"

कर्नलांनी चिलखती गाड्यांकडं बघितलं. "आहेत. पितात जरा जास्त. तुमची विहीर कुठंय?"

"त्या टेकडीमागं. मोकळी आहे. आमचे सगळे पळाले."

"पळाले? का?"

कैद्यानं खांदे उडवले. "आमचे जपानी साहेब टेकडीवरून दुर्बिणीनं तुमच्या गाड्या मोजत होते. मोजून झाल्या, म्हणाले, ठीक आहे, लढू. तर परत गाड्या यायला लागल्या. परत मोजल्या. तर परत! साहेबांनी दुर्बीण टाकली. म्हणाले, सगळी सेनाच आली. घोड्यावर बसले आणि गेले. विहिरीत टाकायला विषाचे डबे आणलेले, ते तसेच काठावर राहिले."

"आणि तुम्ही लोक? तुम्हाला काय वाटलं?"

"आम्हाला काय वाटायचंय? आम्ही बघतच होतो, ओवोला फेऱ्या चालल्यात म्हणून."

 पलीकडं पेट्रोल ओतणारा मधेच थांबला.

"मग सांगितलं नाही तुमच्या साहेबाला?" कर्नलांनी हळूच विचारलं.

"आम्हाला मोजायला सांगितलं होतं, बोलायला नाही," कैदी म्हणाला. "शिवाय फेऱ्या घालणाऱ्याला मधेच कसं अडवायचं? पाप लागतं."

"आणि तू का नाही पळालास?"

"साहेब घेऊन गेले तो माझा घोडा होता."

मेजर लापशिननी हात वर केला. "नाइदान. हा काय बोलतो? मला नीट सांग."

नाइदानसाहेबांनी कैद्याकडं बघितलं. योन्दोनकडं बघितलं. मग आपल्या ट्रकच्या काचेकडं बघितलं, ती अजून खालीच होती.  आणि मग त्यांनी जो अनुवाद केला, तसा आमच्या देशात आजवर झाला नसेल. कैद्याची चार वाक्यं, साहेबांची चौदा. त्यात आघाडी आली, धूळ आली, शत्रूची दिशाभूल आली, संख्येचा भास आला. दगड कुठंच आला नाही.

लापशिन सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मी इथं सहा वर्षं आहे, नाइदान. ओवो मला माहीत आहे."

नाइदानसाहेबांचा आवाज आता एका माणसाचाही उरला नव्हता.

लापशिननी टोपी काढून डोकं पुसलं. "विहिरीत पाणी आहे?"

"आहे," घोडेस्वार म्हणाला. "गोड आहे. पिऊन आलो."

"मग मी वर काय कळवतो? पेट्रोल गेला, देव फिरलो? मला वेडा म्हणतील. पेट्रोल गेला, युक्ती केली, विहीर मिळाली. मला मेडल देतील." त्यांनी योन्दोनकडं बोट केलं. "हा युक्ती केला?"

"सामूहिक नेतृत्वानं केली," नाइदानसाहेब घाईघाईनं म्हणाले. "चालकानं अंमलबजावणी केली."

"छान. याला ट्रकमधून काढा. गाडीत घाला."

योन्दोन ट्रकमध्ये बसलाच नव्हता अजून, पण दोघांनी काखेत हात घालून त्याला उचललं आणि हिरवीपाशी नेऊन ठेवलं. तिथं तो तिच्या चाकाला टेकून बसला. शाग्दारनं पाणी आणून दिलं. "पी, दादा. तू लष्करी विचारवंत झालास."

"मी काही केलं नाही रे."

"विचारवंत असंच म्हणतात."

संध्याकाळी विहिरीवर सबंध ब्रिगेड पोटभर पाणी प्यायली. रेडिएटरही प्यायले. कैदी सगळ्यांबरोबर तपकिरीची डबी फिरवत बसला आणि कोणाकोणाचे चुलते त्याच्या ओळखीचे निघाले. इथंवर सगळं ठीक होतं. पण यशाची एक खोड असते, ते कोणाला गप्प बसू देत नाही. सकाळी नाइदानसाहेबांनी ट्रकवर चढून नवा हुकूम वाचला. आवाज परत सहा माणसांचा. "कॉम्रेडहो! कालच्या अनुभवातून धडा घेऊन, यापुढं मार्गात आढळणाऱ्या प्रत्येक उंच दगडी खुणेभोवती धूळभ्रमण डावपेच सक्तीनं राबवला जाईल! फेऱ्या तीन! दिशा, घड्याळाच्या काट्यांची! अपवाद नाही!"

"घड्याळाच्याच का, साहेब?" शाग्दारनं निरागसपणे विचारलं.

"शास्त्रीय कारणं आहेत," नाइदानसाहेब म्हणाले.

वाट उंटांच्या तांड्यांची होती, आणि तांडेवाले भाविक लोक. अर्ध्या दिवसात पुढचा ओवो आला. योन्दोननं पेट्रोलच्या काट्याकडं बघितलं. पुढं अजून किती वाट होती ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. शत्रू कुठं दिसत नव्हता, धूळ दाखवायची कोणाला? त्यानं मनात धन्याची माफी मागितली, भोंगा वाजवला (घाईतल्या प्रवाशाला तेवढी सवलत आहे) आणि हिरवी सरळ काढली.

मागून आरडाओरडा झाला. नाइदानसाहेबांचा ट्रक चाकोरी सोडून, वाळूत गचके खात, हिरवीच्या बाजूला आला. साहेब कमरेपर्यंत बाहेर लोंबकळत होते.

"चालक योन्दोन! हुकूम विसरलास?"

"साहेब, पेट्रोल कमी आहे. इथं शत्रू नाही."

"शत्रू नाही, हे तू ठरवणार? परत फिर!"

"साहेब, धनी समजून घेतो. मी भोंगा दिलाय."

हे तोंडातून गेलं आणि योन्दोननं जीभ चावली.  दोन गाड्या शेजारी शेजारी धडधडत होत्या. मग साहेब खाली वाकले आणि कालचा तो एका माणसाचाही न उरलेला आवाज काढून म्हणाले, "भोंग्यानं भागत नाही रे, योन्दोन. माझी आई म्हणायची. पुढं माणसं मरणार आहेत. वळव."

योन्दोननं वळवली. हिरवी वळली, कर्नल वळले, सल्लागार झोपेतच वळले, स्वयंपाकाचा ट्रक खणखणत वळला. तिसऱ्या फेरीला शाग्दारनं वरून बघितलं, तर साहेबांचा हात खिडकीतून बाहेर आला. हातात चहाचा वाडगा, ब्रिगेडमध्ये त्या दिवशी कोणाच्याही वाट्याला न आलेला. साहेबांनी तो ओवोच्या बाजूला, वाऱ्यावर, सगळाच्या सगळा शिंपडला.

मग वर बघितलं, तर शाग्दारची नजर.

"फार गरम होता," नाइदानसाहेब ओरडले. "पुढं बघ!"